गेट अकराला बंद, भरती सव्वादोनला: खाडीकाठच्या एका वाटेचं प्रकरण

प्रकरण कशाचं आहे

नवी मुंबईच्या खाडीकाठी असलेलं एक आगरी-कोळी गाव आणि त्याला खेटून उभी राहिलेली एक गृहनिर्माण सोसायटी यांच्यात एका वाटेवरून काही महिने भांडण चाललं. वाट जेमतेम हातगाडी जाईल एवढीच. गावातून निघते, सोसायटीच्या मागच्या अंगानं होल्डिंग पाँडच्या, म्हणजे पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्याच्या, बांधावर चढते आणि खारफुटीच्या कडेनं जेट्टीवर उतरते. मी त्याच भागात राहतो. आयुष्यभराची नोकरी नगररचनेच्या कामात झाल्यामुळे नकाशे वाचता येतात आणि दोन्हीकडे ओळखी आहेत. म्हणून दोन्ही बाजूंनी मला मध्ये बसायला सांगितलं. गावाचं, सोसायटीचं आणि माणसांची नावं इथे गाळली आहेत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत.

अशा भांडणांना आपल्याकडे 'गाववाले आणि सोसायटीवाले' असं नाव देऊन टाकतात आणि मग त्यावर उपाय नाही असं धरून चालतात. दोन स्वभाव, दोन राहण्या, जमायचं नाहीच. मला हे मान्य नाही. या प्रकरणात रागामागे एक साधी, मोजता येण्यासारखी अडचण होती. ती कुणी मोजली नव्हती, एवढंच.

पार्श्वभूमी: गाव

मार्च १९७० मध्ये सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. इथल्या कुठल्याही गावात बैठकीला बसलात की पहिल्या दहा मिनिटांत हा विषय निघतो. नव्या माणसाला वाटतं, जुनं उकरून काढतायत. गावाला तसं वाटत नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं तो हिशेब अजून मिटलेला नाही.

आपल्या प्रकरणातल्या गावाची एक गोष्ट वेगळी होती. गावातल्या आगरी कुटुंबांकडे शेतं होती, त्यांना भूखंड मिळाले. काहींनी बिल्डरला दिले, इमारती झाल्या, घरात पैसा आला. कोळी कुटुंबांचं पोट मात्र खाडीवर होतं. मोबदला ठरतो सातबाऱ्यावरून आणि खाडीला सातबारा नसतो. पूल झाले, भराव झाले, खाडीत शहराचं आणि कारखान्यांचं पाणी येऊ लागलं, जिताडा आणि कालवं कमी झाली. या नुकसानीचा कागदच कधी तयार झाला नाही. आता गावातल्या मोजक्याच होड्या रोज पाण्यात जातात. बोय, कोलंबी, चिंबोऱ्या, निवट्या, जे मिळेल ते. त्या होड्यांवाल्यांसाठी जेट्टीची वाट म्हणजे उरलेला शेवटचा हक्क आहे. लोखंडी गेट बघून ते एवढे का पेटले, हे या एका गोष्टीशिवाय कळणार नाही.

पार्श्वभूमी: सोसायटी

सोसायटीतली माणसंही धनदांडगी नाहीत. परळ-लालबागच्या चाळीतली खोली विकून आलेली कुटुंबं आहेत. सातारा, सांगलीहून येऊन तुर्भ्याच्या बाजार समितीत किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात नोकरी केलेली माणसं आहेत. बऱ्याच घरांत अजून कर्जाचा हप्ता चालू आहे. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल आली, त्यानंतरच्या वर्षांत हा सगळा वर्ग इकडे सरकला. खाडीकडे तोंड असलेल्या फ्लॅटसाठी त्यांनी जास्तीचे पैसे मोजले. "आम्ही कुणाचं काही लाटलं नाही, सिडकोच्या भूखंडावर घर विकत घेतलं," हे त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. गावाचं म्हणणंही खरं आहे. दोन खरी म्हणणी आमनेसामने आली की भांडण लांबतं.

सुरुवातीची बरीच वर्षं काही तक्रार नव्हती. गावातल्या बाया टोपली घेऊन सोसायटीत म्हावरं विकायला येत, त्यांना घरोघरी नावानं ओळखत. नारळी पौर्णिमेला सोसायटीतली पोरं जेट्टीवर जात. हे संबंध खरे होते आणि पुढे भांडण मिटवताना तेच कामाला आले. फक्त त्यांच्याकडे आधी कुणी पाहिलं नाही.

गेट का बसलं

सोसायटीच्या मागच्या बाजूला, कंपाउंड आणि होल्डिंग पाँडचा बांध यांच्यामध्ये, एक पट्टी आहे. जुनी वाट त्या पट्टीतून जाते. गाड्या वाढल्या तशी सोसायटीनं तिथे फरशी टाकली आणि दुचाकी लावायला सुरुवात केली. एका पावसाळ्यात तिथून दोन दुचाकी चोरीला गेल्या. बांधावर रात्री काही पोरं दारू पीत बसायची, त्यातली काही गावातली, काही कुठलीही. तळमजल्यावरच्या एका कुटुंबाच्या खिडकीखाली अपरात्री मोठ्यानं बोलणं चाले. त्या घरात दहावीची मुलगी होती. तिची आई बैठकीत म्हणाली, "मला कुणाशी भांडायचं नाहीये, मला रात्री खिडकी उघडी ठेवायचीय." हे वाक्य मी मुद्दाम नोंदवतो, कारण गावाच्या बाजूनं सांगितलेल्या कहाणीत ही बाई कधीच येत नाही.

कमिटीनं पट्टीच्या दोन्ही टोकांना लोखंडी गेटं बसवली. वेळ ठरली रात्री अकरा ते पहाटे पाच बंद. वॉचमनला रजिस्टर दिलं. गावातल्या कुणाला विचारलं नाही, कळवलंही नाही. सेक्रेटरींनी मला नंतर सांगितलं, "दिवसभर उघडंच होतं की. रात्री दोन-तीनला कोण जातं तिथून?"

त्या रात्री काय झालं

गेट बसून काही दिवस झाले होते. तिथी होती तृतीया. गावातले एक म्हातारे नाखवा (होडीचे मालक) आणि त्यांचा पुतण्या दीडच्या सुमारास जाळं, वल्ही घेऊन निघाले. गेटाला कुलूप. वॉचमन नवा होता, दुसऱ्या राज्यातला. त्यानं आधार कार्ड मागितलं. खाडीवर निघालेला माणूस आधार कार्ड घेऊन जात नाही. तो म्हणाला, मग सेक्रेटरींना फोन लावतो. रात्री दीड वाजता फोन कोण उचलणार? बोलाचाली झाली, पुतण्यानं गेट हलवलं, वॉचमननं शिट्टी मारली, वरून टॉर्च पडले, कुणीतरी व्हिडिओ काढला. या सगळ्यात पाणी भरून उतरायला लागलं आणि ती खेप गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या पुढच्या दारात गावातले दोन टेम्पो आडवे उभे होते. शाळेच्या बस अडल्या. सोसायटीनं पोलिसांत तक्रार दिली, गावानं उलट तक्रार दिली. व्हिडिओ दोन्हीकडच्या मोबाइल ग्रुपांवर फिरला, दोन्हीकडे वेगवेगळ्या मथळ्यानं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, या लोकांकडून मासळी घेणं बंद करा. त्याचा फटका बसला टोपली घेऊन येणाऱ्या बायांना. त्यांचा ना गेटाशी संबंध होता, ना टेम्पोशी. त्यातल्या एकीनं गेटवर उभं राहून विचारलं होतं, "म्हावरा घेताना आमी चालताव, वाटेनं जाताना नाय चालत?" उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

पोलिसांनी दोन्हीकडच्यांना बोलावलं, शांतता राखा म्हणून समज दिली आणि वाटेचा वाद दिवाणी आहे असं सांगितलं. ते बरोबरच होतं.

समोर कोणते पर्याय होते

गावातल्या तरुणांचा कल तहसीलदारांकडे जाण्याचा होता. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार शेती, मासेमारी वगैरेच्या जागेकडे जाणारी रूढ वाट कुणी अडवली तर तहसीलदार अडथळा दूर करायचा आदेश देऊ शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. हा मार्ग स्वस्त आणि त्यातल्या त्यात लवकरचा. दिवाणी न्यायालयाचा मार्ग लांबचा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून २० वर्षं वहिवाट असेल तर वाटेचा हक्क पक्का होतो. जमीन सरकारची असेल तर ही मुदत ३० वर्षांची. गावाकडे म्हातारी माणसं साक्षीला होती, जुने फोटोही होते. केस कमजोर नव्हती.

सोसायटीनं दुसरा तोडगा सुचवला होता. जेट्टीवर जाणाऱ्यांना पास देतो, फोटोसह, नोंद ठेवतो. त्यांना तो उदार वाटला. गावानं तो फेटाळला आणि सोसायटीत बोललं गेलं की यांना मिटवायचंच नाही. इथे दोन्ही बाजूंना एकमेकांची गोष्ट समजावून सांगणं आवश्यक होतं. कायद्यात, परवानगी घेऊन केलेली वहिवाट हक्कात बदलत नाही. एकदा पासावर सही केली की पुढे कोर्टात समोरचा वकील तोच पास दाखवून म्हणेल, हे परवानगीनं जात होते. गावातल्या एका शिक्षकानं ही गोष्ट बरोबर ओळखली होती, पण बैठकीत ती "आमच्या जमिनीवर आम्हाला पास?" अशी बाहेर आली आणि समोरच्यांना नुसता ताठा ऐकू आला.

वाट दुसरीकडून काढा, असंही काहींनी सुचवलं. नकाशावर ते सोपं दिसतं. पण बांध सोडला की दोन्हीकडे खारफुटी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानं खारफुटीची तोड आणि तिच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातलं बांधकाम बंद झालं आहे. अगदी सार्वजनिक हिताचं काम असलं तरी न्यायालयाची परवानगी लागते. दुसरी वाट हा पर्याय तिथेच संपला.

उरला एक पर्याय, जो कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं पण सगळ्यांच्या मनात होता: अतिक्रमणाची तक्रार.

निर्णयाची पहिली जागा: पट्टी कुणाची

मी भूखंडाचा नकाशा आणि भाडेपट्ट्याचा करार मागून घेतला. सिडकोचे असे भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेले असतात आणि करारासोबत हद्दी दाखवणारा नकाशा असतो. सोसायटीची हद्द कंपाउंडच्या भिंतीशी संपत होती. फरशी टाकलेली पट्टी, दुचाकींचं पार्किंग आणि दोन्ही गेटं हद्दीबाहेर होती. म्हणजे ज्या जागेवर सोसायटी गावाला परवानगी देऊ पाहत होती, ती जागा तिची नव्हतीच.

हे कळल्यावर गावातल्या काहींनी लगेच अतिक्रमणाची तक्रार करायचं म्हटलं. एक अर्ज, आणि पथक येऊन गेटं, फरशी, सगळं काढेल. कायद्यानं पूर्ण बरोबर.

ते थांबले एका वयस्क बाईंमुळे. त्या म्हणाल्या, पथक आलं की ते इकडे बघून तिकडे डोळे मिटणार नाही. गावातली निम्मी घरं गावठाणाच्या जुन्या हद्दीबाहेर आहेत. कुटुंबं वाढली, मुलांची लग्नं झाली आणि गावठाणाचा विस्तार रखडत राहिला, म्हणून लोकांनी लागून घरं बांधली. सरकारी भाषेतही त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. ती नियमित करण्याचे निर्णय होत आले तरी प्रत्येक घराच्या हातात पक्का कागद अजून नाही. सोसायटीच्या एका सभासदानं आधीच ग्रुपवर धमकी टाकली होती की गाव तक्रार करणार असेल तर आपणही गावातल्या बांधकामांची तक्रार करू.

दोघांच्याही पायाखाली कच्ची जमीन होती. हे एकाच बैठकीत, मोकळेपणानं, दोघांसमोर बोललं गेलं तेव्हा खोलीतला आवाज खाली आला. माझ्या मते प्रकरण वळलं ते इथे. दोन्ही बाजूंनी ठरवलं की कागदाचं शस्त्र तूर्त कुणी वापरायचं नाही. मात्र गावानं सहा महिन्यांची मुदत जाऊ द्यायची नाही, तहसीलदारांकडचा अर्ज तयार ठेवायचा, आणि मुदतीच्या आत तोडगा निघाला नाही तर तो दाखल करायचा, हेही सोसायटीला स्पष्ट सांगितलं गेलं. लपवाछपवी नव्हती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. समेटाच्या बोलण्यात कमकुवत बाजूची मुदत निघून जाणं हा अन्यायच असतो, तो कितीही गोड बोलून झाला तरी.

निर्णयाची दुसरी जागा: बैठकीला कोण

पहिली बैठक फसली होती. दोन्हीकडून पुढारी आले, प्रत्येकानं आपल्या माणसांना ऐकू जाईल असं भाषण केलं. दुसरी बैठक पालिकेच्या शाळेच्या वर्गात घेतली, ना देवळात ना क्लबहाउसमध्ये. तिथे बोलावलं ते वाट वापरणाऱ्यांना आणि वाटेच्या कडेला राहणाऱ्यांना. म्हातारे नाखवा, त्यांचा पुतण्या, दोन मासळीवाल्या, तळमजल्यावरची ती आई, सेक्रेटरी, आणि वॉचमन. वॉचमनला बोलवायला सोसायटीतले काही तयार नव्हते. पण रात्रीच्या प्रसंगात समोर तोच होता. त्यानं सांगितलं की नाव लिहिल्याशिवाय कुणाला सोडलं तर पगार कापू अशी ताकीद त्याला होती. नाखवांनी हे ऐकून त्याच्यावरची तक्रार मागे घेतली. ते जाहीर काही बोलले नाहीत, फक्त पुतण्याला सांगितलं.

तिथीची पाऊणपट

सेक्रेटरींनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, पण या वेळी खरंच जाणून घ्यायला: "काका, रात्री दोन-तीनलाच का जावं लागतं? पाच वाजता गेट उघडतंच."

नाखवा म्हणाले, "पानी तुमचे गेटची वाट बगत नाय, साहेब."

मग त्यांनी फळ्यावर हिशेब मांडायला सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा वाजण्याचा अंदाज येतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरणार. तृतीयेला सव्वादोन. पंचमीला पावणेचार. रोज भरती सुमारे पाऊण तासानं पुढे सरकते, खाडीत आत यावं तसा आणखी थोडा उशीर. ओहोटीला जेट्टीपुढे नुसता चिखल असतो, होडी रुतून बसते. पाणी भरलं की ती सुटते. ती वेळ हुकली की पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी.

सेक्रेटरी हिशेबाचे पक्के, कारखान्यात शिफ्टची वेळापत्रकं लावण्यात त्यांची नोकरी गेलेली. त्यांनी पंधरा तिथ्या फळ्यावर उतरवल्या आणि गेट बंद असण्याच्या वेळेवर गोल केले. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून षष्ठीपर्यंतची रात्रीची प्रत्येक भरती अकरा ते पाचच्या मध्ये येत होती. दर पंधरवड्यातले सात दिवस. आणि पौर्णिमा-अमावास्येनंतरचे हेच दिवस उधाणाचे. पाण्याला ओढ असते, जाळ्याला मासळी लागते. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी मंद, तेव्हा गेट उघडं असून उपयोग थोडा.

गेटानं खाडीवर पोट असणाऱ्यांचे नेमके कमाईचे दिवस बंद केले होते. कुणाच्याही मनात तसं नव्हतं. सेक्रेटरी फळ्याकडे बघत काही वेळ गप्प उभे राहिले आणि म्हणाले, "हे आम्हाला ठाऊकच नव्हतं." गावातल्या लोकांना धक्का बसला तो या वाक्याचा. त्यांना इतके दिवस वाटत होतं की सोसायटीला हे ठाऊक आहे आणि मुद्दाम केलं आहे. भरतीची वेळ एखाद्याला ठाऊक नसू शकते, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हतं.

पुढच्या तृतीयेच्या रात्री सेक्रेटरी, ती तळमजल्यावरची आई आणि तिचा नवरा नाखवांबरोबर जेट्टीपर्यंत चालत गेले. मीही होतो. बांधावर एकही दिवा नव्हता. होल्डिंग पाँडच्या झडपांपाशी पाय घसरेल अशी जागा होती. भरतीचं पाणी आत घुसू नये म्हणून या झडपा असतात, पावसाचं पाणी पाँडमध्ये साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. सखल भरावावर वसलेलं हे शहर त्यावर तगून आहे. नाखवांनी तेही समजावलं. त्या बाईंनी परत येताना एकच विचारलं: दारू पिणाऱ्या पोरांचं काय? पुतण्या म्हणाला, "त्यांचा बंदोबस्त आम्ही करू, तुम्ही फक्त दिवा लावा." अंधारातली निर्जन वाट हा तिचाही प्रश्न होता आणि त्याचाही.

काय ठरलं

गेटांची दारं काढली. त्या जागी वाहन अडवणारा आडवा दांडा आणि बाजूला हातगाडी, जाळं, वल्ही घेऊन माणूस जाईल एवढी मोकळी फट. कुलूप नाही, रजिस्टर नाही, पास नाही. दोन दिवे सोसायटीच्या खर्चानं, बांधावरच्या दिव्यांसाठी पालिकेला दोघांच्या सहीचा अर्ज. कॅमेरा पार्किंगवर रोखलेला, वाटेवर नाही. रात्री वाटेवर मोटारसायकल नेणार नाही हे गावानं मान्य केलं. जाळी सोसायटीच्या कठड्यावर वाळत न घालता जेट्टीच्या अंगाला घालायची.

हळदीच्या डीजेचा विषय निघाला, निघणारच होता. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा देशभराचा नियम आहे, तो २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, यावर वाद नव्हता. वाद होता हळदीच्या रात्री फोन कुणी करायचा यावर. पोलिसांना फोन गेला की घरच्या लग्नात अपमान झाल्यासारखं वाटतं. म्हणून आधी गावातल्या ठरलेल्या दोघांना फोन करायचा आणि अर्ध्या तासात फरक पडला नाही तरच पोलिसांना, असं ठरलं.

एक पानाचा मजकूर मराठीत लिहिला. त्यात "ही वाट गावाच्या वहिवाटीची आहे की नाही याबद्दल दोन्ही पक्षांचे हक्क राखून" असं एक वाक्य घातलं. या वाक्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. त्यामुळे गावाचा हक्क सोडला गेला नाही आणि सोसायटीनं तो कबूलही केला नाही. तहसीलदारांकडे जायची मुदत संपण्याआधी सह्या झाल्या.

पुढे काय झालं

वाट सुरू झाली, अजूनही सुरू आहे. त्या वर्षी चैत्रात गावदेवीची पालखी नेहमीच्या मार्गानं सोसायटीसमोरून गेली. आधी ती अडवली जाईल अशी अफवा होती. मासळी न घेण्याचा ठराव कधी लेखी नव्हता, त्यामुळे मागेही घेतला गेला नाही. बाया पुन्हा येऊ लागल्या, पण दोघींची बांधलेली गिऱ्हाइकं गेली ती परतली नाहीत. त्यांनी आता ऑनलाइन मासळी मागवायला सुरुवात केली होती. ही नुकसानी कुणाच्या हिशेबात धरली गेली नाही.

हळदीचं अर्धंच जमलं. काही लग्नांत दहाला आवाज बंद होतो, काहींत ठरलेल्या दोघांपैकी एक जण स्वतःच नाचत असतो. बांधावरचे दिवे यायला बरेच महिने गेले. दारू पिणारी पोरं दिव्याखालून उठून पुढे सरकली. चोरीचा तपास लागला नाही.

वर्षभरात सोसायटीत नवी कमिटी आली. नव्या अध्यक्षांना जुन्या कागदाची माहिती नव्हती. एका सभासदाच्या सांगण्यावरून त्यांनी मोकळ्या फटीला साखळी लावली. जुन्या सेक्रेटरींनी कागद नेऊन दाखवला आणि साखळी आठवड्यात निघाली. पण ती एका माणसाच्या घरी जपून ठेवलेल्या कागदामुळे निघाली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट उघड आहे. गेट बसवण्याआधी सोसायटीनं गावात एक पत्र पाठवून विचारलं असतं की रात्री वाट कुणाला लागते, तर पुढचं काही घडलं नसतं. भीती खरी होती, उपाय शोधण्याचा अधिकारही होता. पण वाट रिकामी आहे हे गृहीत धरलं ते खिडकीतून बघून. खिडकीतून दिवसा दिसतं तेवढंच दिसतं.

गावानं टेम्पो आडवे लावले त्यानं सोसायटीतले जे लोक गेटाच्या विरोधात होते तेही गप्प झाले. असे लोक होते, मला माहीत आहे. शाळेची बस अडल्यावर त्यांना बोलायला तोंड राहिलं नाही.

मासळीवाल्या बायांना पहिल्या दिवशीच मध्ये घ्यायला हवं होतं. सोसायटीतल्या घराघरांत जाऊन बोलू शकणारी गावातली माणसं तीच होती. तळमजल्यावरच्या त्या आईला खिडकीचा त्रास आहे हे त्यातल्या एकीला गेट बसण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. दोन्हीकडच्या पुरुषांनी बैठका भरवल्या आणि ज्यांच्याकडे माहिती होती त्यांना दुसऱ्या खेपेला बोलावलं.

आणि कागदाचं. कमिटीची सही पुरेशी मानली गेली. हा मजकूर सर्वसाधारण सभेपुढे ठेवून ठरावाच्या रूपात इतिवृत्तात घालायला हवा होता. विशेष सभा पाच दिवसांच्या नोटिशीनं बोलावता येते, म्हणजे वेळेचीही अडचण नव्हती. ठराव असता तर नव्या कमिटीला तो आपोआप लागू झाला असता. एक प्रत पालिकेच्या विभाग कार्यालयात आणि एक सिडकोकडे द्यायला हवी होती, कारण पट्टी शेवटी त्यांच्याकडे आहे आणि उद्या तिथे वेगळंच काही आखलं जाऊ शकतं.

पट्टीच्या मोजणीचा अर्ज करावा की नाही यावर दोन्ही बाजू अजून एकमेकींकडे बघत आहेत. माझं मत त्यांना सांगितलं आहे. अर्ज दोघांनी मिळून, एकाच पत्रावर करावा, त्यात वाट वाट म्हणून नकाशावर दाखवण्याची मागणी असावी, आणि गावातल्या गरजेपोटीच्या घरांचा विषय त्यात ओढू नये. सोसायटीच्या येत्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेत हा विषय घेण्याचं कमिटीनं मान्य केलं आहे. त्या सभेला गावातल्या दोन जणांना निमंत्रित म्हणून बसू द्यावं, एवढी विनंती मी लेखी दिली आहे.